सगळे रुळले, मीच मागे राहिले

पत्राचा सारांश: वय 23. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची मुलगी. पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून ऑक्टोबरमध्ये पूर्व जर्मनीतल्या एका मध्यम शहरात इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्सला गेली. वसतिगृहात चार खोल्यांचा फ्लॅट, स्वयंपाकघर आणि बाथरूम सामाईक, बाकीच्या तिघी जर्मन. नोव्हेंबरात फोडणीच्या वासाबद्दल आणि बाथरूमच्या ओल्या फरशीबद्दल स्वयंपाकघरात चिठ्ठी चिकटवलेली दिसली. तेव्हापासून ती खोलीतच पाव आणि नूडल्स खाते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, शैक्षणिक कर्ज 14 लाखांचं. ते हलकं व्हावं म्हणून पार्सलच्या गोदामात रात्रपाळी धरायचा विचार आहे. बरोबरची मुलं पंधरा दिवसांत ‘सेट’ झाली, आपल्यालाच जमत नाही असं तिला वाटतं. म्युनिकला मराठी माणसं खूप, तिकडे जावं की सरळ परत यावं, हे कळत नाही. आईला रोज ‘सगळं छान आहे’ सांगते आणि फोन ठेवल्यावर रडते.

तुझ्या पत्रात तीन प्रश्न आहेत: काम धरावं का, शहर बदलावं का, परत यावं का. तिन्हींची उत्तरं देते. पण त्याआधी ज्याला आजच्या आज हात घालायला हवा, ते पत्रात कुठेच नाही. परीक्षांची नोंदणी झाली आहे का?

आपल्याकडे कॉलेज फॉर्म भरून घेतं, हॉल तिकीट आणून देतं. जर्मनीत प्रत्येक विषयाच्या परीक्षेला विद्यार्थ्याने स्वतः विद्यापीठाच्या पोर्टलवर नाव नोंदवावं लागतं. त्याची मुदत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान कधीतरी संपते आणि कोणी आठवण करत नाही. मुदत गेली की त्या सत्रात बसता येत नाही, मग अभ्यास कितीही झालेला असो. उलटही होतं. नाव नोंदवून, माघार न घेता गैरहजर राहिलं तर नापास धरतात, आणि बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला तीनच प्रयत्न असतात. तिसराही गेला तर त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं. म्हणून आज पोर्टल उघड आणि दोन तारखा वहीत लिही: नोंदणीची शेवटची आणि माघारीची शेवटची. परीक्षेच्या दिवशी आजारी पडलीस तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन दाखला घ्यायचा. दुसऱ्या दिवशीचा दाखला बऱ्याचदा चालत नाही.

पहिल्या सत्रात सगळे विषय उचलायची गरज नाही. पूर्ण सत्र 30 क्रेडिटचं धरतात आणि एका क्रेडिटला साधारण 30 तासांचं काम, म्हणजे 900 तास. तिथल्या पद्धतीची सवय नसताना हा आकडा मोठा आहे. ज्यांचा अभ्यास खरोखर हातात आहे असे तीन किंवा चार विषय नीट कर, बाकीचे पुढच्या सत्रात. मात्र पहिल्या वर्षात अमुक इतके क्रेडिट हवेतच, अशी अट तुझ्या परीक्षा नियमावलीत आहे का ते आधी वाचून घे.

‘सगळे रुळले’ या तुझ्या समजुतीचा उगम मला इथेच दिसतो. आपल्याकडे दर महिन्याला युनिट टेस्ट, सबमिशन, तोंडी परीक्षा असते. कोण कुठे आहे ते सगळ्यांना दिसतं. तिथे ऑक्टोबर ते फेब्रुवारी काहीच मोजलं जात नाही आणि मग एका 90 किंवा 120 मिनिटांच्या पेपरवर अख्खा विषय ठरतो. त्यामुळे डिसेंबरात कोण रुळलंय हे कोणालाच ठाऊक नसतं, रुळल्यासारखं दिसणाऱ्यालाही नाही. ख्रिसमस मार्केटमधल्या फोटोवरून ते कळत नाही. ज्यांच्याशी तू स्वतःची तुलना करतेस त्यातल्या एकाला विचारून बघ की थर्मोडायनॅमिक्सच्या किती प्रश्नपत्रिका सोडवून झाल्या. बहुधा त्याला हायसं वाटेल. तिथूनच अभ्यासाचा गट सुरू होईल. जुन्या प्रश्नपत्रिका विभागाच्या विद्यार्थी प्रतिनिधींकडे, म्हणजे फाखशाफ्टकडे, मिळतात. त्यांच्या खोलीच्या वेळा दारावर लिहिलेल्या असतात.

आता ती चिठ्ठी. तू ती ‘आम्हाला तू नको आहेस’ अशी वाचलीस. मी तिचा मजकूर पुन्हा वाचला, त्यात तसं काही नाही. ‘स्वयंपाक करताना खिडकी उघड आणि बाथरूमची फरशी कोरडी कर’ एवढंच आहे. जर्मन फ्लॅटमध्ये अशा चिठ्ठ्या एकमेकींना सर्रास लिहितात. समोरासमोर बोलून कोणाला अवघडायला नको, हा त्यांचा सभ्यपणाच असतो. आपल्याकडे शेजारणीने भिंतीवर चिठ्ठी डकवली तर ते भांडणच, म्हणून तुला ते लागलं. लागणं स्वाभाविक आहे. पण त्या एका कागदापायी महिनाभर पावावर राहणं मला मान्य नाही.

त्यांची तक्रार का आहे हेही समजून घे. तिथल्या खिडक्या रबराच्या पट्टीने घट्ट बंद होतात. आपल्या घरांत दाराच्या फटीतून, गजांतून, झरोक्यातून हवा आपोआप खेळते, तिथे ती कोंडून राहते. फोडणीतला तेलाचा धूर, कुकरची वाफ, खोलीत वाळत घातलेले कपडे, सगळ्यांची ओल बाहेरच्या थंडीने गार पडलेल्या भिंतीवर बसते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. बुरशी धरली की ‘तुम्ही हवा खेळती ठेवली नाही’ म्हणून घरमालक भाडेकरूंकडे भरपाई मागू शकतो. चौघींची अनामत रक्कम त्यात अडकलेली आहे. त्या मुली त्यालाच घाबरतात.

उपाय सोपा आहे. हीटर बंद कर आणि खिडकी पूर्ण सताड उघड, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा आणि स्वयंपाक झाल्यावर लगेच एकदा. खिडकी वरून कलती करून दिवसभर ठेवायची चूक जवळजवळ सगळे नवखे करतात. त्याने हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडते आणि बुरशी वाढते. स्वयंपाक करताना स्वयंपाकघराचं दार बंद ठेव, नाहीतर वास पॅसेजमधल्या कोटांत जातो आणि लोकरीतून आठवडाभर निघत नाही. शेगडीवरचा पंखा फोडणीच्या आधी लाव. तो धूर बाहेर न टाकता गाळून परत खोलीतच सोडणारा असेल तर त्याची जाळी महिन्यातून एकदा गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धू. फोडणी छोट्या कढल्यात, मध्यम आचेवर, हाताशी झाकण ठेवून. मोहरी तडतडायला तेलातून धूर निघायची गरज नसते. मिरची शेवटी घाल, ठसका तिचाच उठतो. छतावरचं धुराचं यंत्र वाजलं म्हणून त्याची बॅटरी कधी काढायची नाही. वसतिगृहाचा अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असेल तर फुकट आलेल्या बंबाचं बिल तुझ्या नावावर येऊ शकतं.

बाथरूमचं कारण वेगळं. तिथे आपल्यासारखी मोरी नसते. बऱ्याच बाथरूमच्या फरशीला उतार नसतो आणि पाणी जायला जाळीही नसते. सांडलेलं पाणी फटीतून खालच्या घराच्या छतात उतरतं. पडद्याची खालची कड टबच्या किंवा शॉवर ट्रेच्या आत सोडून अंघोळ कर आणि नंतर रबरी वायपर व पोतेरं फिरव. दोन मिनिटांचं काम.

मग त्या तिघींशी बोल, चिठ्ठीला चिठ्ठीने उत्तर देऊ नको. एखाद्या संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात असताना सांग: चिठ्ठी वाचली, ही पद्धत मला माहीत नव्हती, आता मी खिडकी उघडते, मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी सात ते साडेआठ मी स्वयंपाक केला तर चालेल का? दिवस आणि वेळ ठरवून मागितलेली गोष्ट तिथे सहसा नाकारत नाहीत. बाथरूम आणि स्वयंपाकघर सफाईच्या पाळ्यांचा तक्ता असेल तर आपलं नाव आपणहून लिही. नसेल तर तूच एक कर. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर मिक्सर, व्हॅक्यूम, मोठ्याने फोन टाळ. चटणी शनिवारी वाटून ठेव.

खाण्याचं आणखी थोडं सांगते, कारण नूडल्सवर राहून कोणाचं मन थाऱ्यावर येत नाही. भारतीय दुकान लांब असलं तरी अडत नाही. साध्या सुपरमार्केटमध्ये ‘रोटे लिन्झन’ म्हणून जी मिळते ती मसूर डाळ. अर्धा तास भिजवली तर कुकरशिवाय 15 मिनिटांत शिजते. ‘गेल्बे शेलएर्ब्झन’ तुरीसारखी दिसते पण ती वाटाण्याची डाळ आहे. आमटी होते, चव वेगळी लागते. रव्याला ‘ग्रीस’ म्हणतात. उपम्याला त्यातला ‘हार्टवाइत्सन’ लिहिलेला घे, दुसऱ्याचा गिचका होतो. पिठाच्या पुड्यावर आकडा असतो. 405 म्हणजे जवळजवळ आपला मैदा, त्याची पोळी चामट होते. 1050 नंबरचं पीठ आणि बारीक दळलेलं ‘फोलकोर्न’ निम्मं-निम्मं घेऊन कोमट पाण्यात मळ, झाकून अर्धा तास ठेव, मग लाट. काचेच्या शेगडीला बंद केल्यावरही बराच वेळ धग राहते, म्हणून कुकर एक शिट्टी आधीच बंद करायचा. इंडक्शन असेल तर घरून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालणारच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटत असेल तरच ते भांडं उपयोगाचं. आणि ‘क्वार्क’ म्हणून जे मिळतं ते आपल्या चक्क्याच्या अगदी जवळचं आहे. डब्यावर 40 टक्के फॅट लिहिलेलं 500 ग्रॅम क्वार्क रात्रभर फडक्यात बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर ठेव, सकाळी 200 ग्रॅम पिठीसाखर आणि वेलची घालून घोट. श्रीखंडाला ना धूर ना वास. त्या तिघींना वाटीभर दे.

रविवारी दुकानं बंद असतात हे तुला एव्हाना कळलं असेल. शनिवारी बाजार, रविवारी दुपारी डाळ-भाजी दोन दिवसांची, एवढं बसवलंस की आठवड्याला आकार येतो. दुपारचं जेवण विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे कँटीनमध्ये, घे. स्वस्त पडतं, शाकाहारी पदार्थ रोज असतो, आणि मुख्य म्हणजे चार माणसांत बसणं होतं.

आता पैसे. तुझ्या ब्लॉक्ड खात्यातून, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या वर्षाच्या खर्चातून, महिन्याला 992 युरो सुटतात. तू लिहिलेलं भाडं 310, विमा सुमारे 150, फोन 10. टीव्ही-रेडिओचं सक्तीचं शुल्क फ्लॅटमागे 18.36 युरो आहे. तुमच्या चार खोल्यांचा मिळून एकच फ्लॅट असल्याने एकीने भरायचं आणि चौघींनी वाटून घ्यायचं, म्हणजे 4.59. त्याच्या मागणीचं पत्र बरेच जण घरी टीव्ही नाही म्हणून फेकून देतात आणि मग थकबाकीची नोटीस येते. तू फेकलं असशील तर त्या तिघींपैकी कोणाच्या नावावर हे शुल्क भरलं जातं त्याचा क्रमांक विचार आणि उत्तरात तोच कळव. एवढं जाऊन हातात 500 युरोंच्या वर राहतात. सेमेस्टर शुल्काची तजवीज आणि स्वतः रांधून खाणं यात बसतं. या हिवाळ्यात तुझ्यावर कमावण्याची सक्ती नाही.

सक्ती येते ती पुढच्या ऑक्टोबरात. रहिवासी परवाना वाढवताना दुसऱ्या वर्षाचे पैसे पुन्हा दाखवावे लागतात, आणि सध्याच्या हिशोबाने ते 11,904 युरो आहेत. म्हणून काम धरणं बरोबरच आहे. प्रश्न कोणतं आणि कधी, एवढाच. जानेवारी 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आणि मिनीजॉबची, म्हणजे ठरावीक कमाईपर्यंतच्या छोट्या कामाची, मर्यादा महिन्याला 603 युरो, म्हणजे साधारण 43 तास. तुझ्यासारख्यांना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे. अर्धा दिवस म्हणजे चार तासांपर्यंत. विद्यापीठातलं सहायकाचं काम, ज्याला ‘हीवी’ म्हणतात, या 140 दिवसांत धरत नाहीत, फक्त ते परदेशी नागरिक कार्यालयाला कळवायचं असतं.

परीक्षेच्या सहा आठवडे आधी, आठ वाजता उजाडणाऱ्या दिवसांत, रात्रपाळी धरू नकोस. सकाळची लेक्चर्स जातील, आणि एक विषय नापास होऊन सत्र वाढलं तर सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे जवळपास 6,000 युरो, अंगावर येईल. तेवढं ते गोदाम मिनीजॉबवर दहा महिन्यांत देतं. त्यापेक्षा जानेवारीच्या शेवटी, ज्या विषयात तुझा हात चांगला आहे त्या प्राध्यापकांच्या संशोधन सहायकांना एक पानाचा बायोडेटा पाठव. कोणतं सॉफ्टवेअर येतं ते पहिल्या तीन ओळींत लिही. एप्रिलच्या सत्रासाठी माणसं तेव्हाच शोधतात. आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुट्टीत पूर्णवेळ काम कर. 40 दिवस आठ-आठ तास म्हणजे 320 तास, 4,448 युरो. कपात होऊन हातात थोडं कमी येईल. वर्षाची कमाई करमाफीच्या मर्यादेत असेल तर कापलेला आयकर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो.

पत्रपेटीवर तुझं नाव आहे ना? नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि बँक, विमा, कर क्रमांक सगळंच अडतं. व्हिसाच्या शेवटच्या तारखेकडेही आज बघ. विद्यार्थ्यांचा पहिला व्हिसा बऱ्याचदा तीन ते सहा महिन्यांचाच असतो. परदेशी नागरिक कार्यालयातल्या भेटीची वेळ लांबची मिळाली तरी चालेल, पण परवान्याचा अर्ज व्हिसा संपायच्या आधी पोहोचला पाहिजे. अर्ज केल्याचा पुरावा जपून ठेव.

आईबद्दल. तू तिला फसवतेस असं मला वाटत नाही, तू तिची झोप वाचवायला बघतेस. पण तुझी वेळ चुकते आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत दोन्हीकडे साडेचार तासांचं अंतर असतं. तू रात्री आठला फोन करतेस तेव्हा तिकडे साडेबारा झालेले असतात. दोघी थकलेल्या, मग ‘छान आहे’ याच्या पलीकडे बोलणं जातच नाही. त्याऐवजी आठवड्यातून तीनदा, मेन्सातून बाहेर पडल्यावर दुपारी एकच्या सुमारास चालता चालता फोन कर. तिथे साडेपाच, चहाची वेळ. डिसेंबरात तिथे जेमतेम पावणेआठ तास उजेड असतो, त्यामुळे भर दुपारी अर्धा तास बाहेर चालणं तुला तसंही हवं आहे. आणि सांग तिला: ‘आई, सगळं अजून मार्गी लागलेलं नाही. परीक्षेची काळजी वाटते. पण मी आज आमटी केली होती.’ जिने तुला इतक्या लांब पाठवलं, तिला एवढं ऐकायचं बळ नक्की आहे.

रडू येणं यात बिघडलेलं काही नाही. मात्र दोन आठवडे सलग झोप नाही, भूक नाही, खोलीबाहेर पडवत नाही असं झालं तर थांबू नको. विद्यार्थी कल्याण संस्थेकडे, म्हणजे श्टुडिएरेंडनवेर्ककडे, मानसिक समुपदेशन असतं. ते मोफत किंवा नाममात्र शुल्कात आणि गुप्त असतं, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही. भेटीला काही आठवडे लागू शकतात, म्हणून नाव आजच घालून ठेव, नंतर रद्द करता येतं. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात आलं तर त्या क्षणी 112 लाव, किंवा त्या तिघींपैकी कोणाचंही दार वाजव.

राहिलं म्युनिक. तू तिथे मराठी माणसं बघतेस. मी तुझा हिशोब बघते. तिथली टेक्निकल युनिव्हर्सिटी 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांकडून मास्टर्ससाठी सत्राला 4,000 किंवा 6,000 युरो घेते. खोलीचं भाडं तुझ्या आताच्या दुपटीच्या वर जाईल. शिवाय मास्टर्समध्ये ‘बदली’ म्हणजे नव्याने अर्ज, नव्याने प्रवेश, झालेले विषय मान्य करून घेणं आणि परवान्यात बदल. एवढं करून तिथेही खिडकी उघडावीच लागेल. मराठी माणसं हवीत, तर तुझ्या सेमेस्टर शुल्कात डॉइचलँड तिकीट असेल. आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या सोडून देशभरातल्या रिजनल गाड्या त्यावर चालतात. बर्लिनला मराठी मंडळी आहेत, महिन्यातून एक शनिवार तिकडे जाऊन ये. आणि उरलेल्या आठवड्यांसाठी विद्यापीठाच्या क्रीडा केंद्रात बॅडमिंटन किंवा व्हॉलीबॉलचा वर्ग धर. सत्राला साधारण 15 ते 40 युरो लागतात, नोंदणी एप्रिलच्या सुरुवातीला उघडते आणि लोकप्रिय वर्ग काही मिनिटांत भरतात. दर बुधवारी तीच दहा माणसं भेटली की ओळख आपोआप होते, त्यासाठी गप्पिष्ट असावं लागत नाही. भाषा केंद्राचा जर्मन वर्गही त्याच सुमारास सुरू होतो.

परत येण्याचा रस्ताही खुला आहे. त्यात कमीपणा नाही आणि तो निर्णय तुझाच आहे. फक्त तो परीक्षेआधी, अंधाऱ्या डिसेंबरात, पाव खाऊन घेऊ नकोस. निकाल मार्च-एप्रिलमध्ये लागतील, तेव्हा दिवस बारा तासांचा झालेला असेल आणि तुझ्याकडे खरे गुण असतील. दुसऱ्या विद्यापीठाच्या हिवाळी प्रवेशाची मुदत बहुतेक ठिकाणी 15 जुलै असते, काहींची त्याआधी. विचार करायला एप्रिल आणि मे पुरतात.